पांढऱ्या किनारीचं ते रानफूल नेमकं कोणतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलसच्या ईशान्येला राहणाऱ्या एका ताईंना सप्टेंबरच्या सुरुवातीला घराजवळच्या मोकळ्या माळावर कमरेएवढी रोपं दिसली. शेंड्याकडची पानं हिरवी आणि त्यांना ठसठशीत पांढरी किनार. गणपतीच्या आरासीसाठी त्यांनी चार फांद्या तोडून आणल्या. तोडताना देठातून दुधासारखा चीक गळला आणि दुसऱ्या दिवशी मनगटावर लाल पुरळ उठलं. मोबाइलवरच्या ॲपने एका फोटोला ‘स्नो-ऑन-द-माउंटन’ म्हटलं, दुसऱ्याला ‘स्नो-ऑन-द-प्रेअरी’. त्यांनी पाच फोटो पाठवून विचारलं आहे: दोन्हींपैकी खरं कोणतं, हे रोप इथलं मूळचं की कुणाच्या बागेतून पसरलेलं, चीक कितपत घातक, आणि बिया नाशिकला आईकडे नेल्या तर चालेल का.

ताई, तुमचं रोप युफोर्बिया बायकलर आहे, म्हणजे ‘स्नो-ऑन-द-प्रेअरी’. ते एरंडाच्या कुळातलं आहे, एका हंगामात उगवून फुलून मरणारं, अर्थात वर्षायू आहे, आणि टेक्सासच्या काळ्या मातीतलं अस्सल मूळ रहिवासी आहे. ॲपने सांगितलेलं ‘स्नो-ऑन-द-माउंटन’ हे नाव त्याच्या सख्ख्या भावाचं, युफोर्बिया मार्जिनाटाचं. दोघं इतके सारखे दिसतात की गाडीतून जाताना वेगळे सांगणं अवघड. हातात घेतल्यावर मात्र फारसा घोळ उरत नाही. कुठे पाहायचं तेवढं कळलं पाहिजे.

सुरुवात फुलापासून करू, कारण या कुळात सगळ्यांची फसगत तिथेच होते. तुम्ही ज्याला ‘पांढऱ्या पाकळ्या’ म्हटलंय त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची लांब, हिरवी-पांढरी पानं म्हणजे छद, फुलोऱ्याच्या बुडाशी येणारी बदललेली पानं. डिसेंबरात कुंडीत लाल दिसणारी पॉइन्सेटियाची ‘पाकळी’ही छदच असते, आणि पॉइन्सेटियाही युफोर्बियाच. तुमच्या चौथ्या फोटोत या छदांच्या मधोमध एक बारीक, केसाळ, हिरवट वाटी दिसते आहे. तिच्या काठावर चार-पाच इवल्याशा पांढऱ्या चकत्या आहेत. फूल म्हणून आपण जे पाहतो ते ही वाटी. वनस्पतिशास्त्रात तिला सायाथियम म्हणतात.

एक वाटी भिंगाखाली धरून बघा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. काठावर हिरवट ग्रंथी दिसतील. त्यांत मधुरस असतो आणि प्रत्येक ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला एक पांढरा पडदा चिकटलेला असतो. या पडद्यांनाच आपण पाकळ्या समजतो. वाटीच्या आत बरेच पुंकेसर दिसतील. एकाचा दांडा नीट न्याहाळला तर मध्ये एक सांधा आढळेल. त्या सांध्याच्या वरचा भाग पुंकेसर, खालचा भाग फुलाचं देठ. म्हणजे एक पुंकेसर हे एक अख्खं नरफूल आहे: पाकळी नाही, पुष्पकोश नाही, काही नाही. आणि वाटीच्या मधोमध एकच मादीफूल असतं. तेही असंच उघडं, नुसता तीन कप्प्यांचा अंडाशय. त्याचं देठ हळूहळू लांबतं आणि अंडाशय वाटीच्या काठावरून बाहेर झुकून लटकतो. तुमच्या चौथ्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात तो लव असलेला, तीन फुगवट्यांचा हिरवा गोळा लटकताना स्पष्ट दिसतो आहे. तो दिसला की युफोर्बिया या प्रजातीबद्दल, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटाबद्दल, मला तरी शंका राहत नाही. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने ही अख्खी वाटी एकच फूल धरली होती आणि बारा पुंकेसरांच्या वर्गात, डोडेकँड्रियात, तिची नोंद केली होती. पुंकेसराच्या दांड्यावरच्या त्या सांध्यामुळे पुढच्या अभ्यासकांना हा सगळा फुलोरा असल्याचं उमगलं.

युफोर्बियाच्या जगभरात दोन हजारांच्या आसपास जाती आहेत. कोकणात कुंपणाला लावतात तो शेर, घाटावरचं काटेरी निवडुंगासारखं दिसणारं मिंगुट, अंगणात फरशीच्या फटीतून उगवणारी दुधी, ही सगळी याच प्रजातीतली. रूपं एकमेकांशी काडीचीही जुळत नाहीत, पण वाटी सगळ्यांत तीच. म्हणून मी नवशिक्यांना नेहमी सांगतो, या प्रजातीत पानावरून नाव काढायला बसू नका, आधी वाटी शोधा.

प्रजाती ठरली. आता दोन भावांचा प्रश्न. इथे मात्र छदांकडेच परत यावं लागतं, पण रंग सोडून आकाराकडे. तुमच्या तिसऱ्या फोटोत छद वरून, सपाट दिसतोय. त्याची लांबी आणि रुंदी डोळ्यांनी मोजा. लांबी रुंदीच्या कितीतरी पट आहे; छद अरुंद, पट्टीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला आहे. बायकलरचे छद असेच असतात. मार्जिनाटाचे छद रुंद, अंडाकृती किंवा लंबगोल असतात. लांबी रुंदीच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही कमी. मार्जिनाटाचा शेंडा वरून पाहिला तर भरगच्च दिसतो, बायकलरचा विरळ, झिरमिळ्यांसारखा. खोडावरच्या खालच्या पानांतही हाच फरक उतरलेला असतो: मार्जिनाटाची पानं रुंद, बायकलरची लांबट.

दुसरी खूण खोडावरची लव. बायकलरच्या वरच्या खोडावर सहसा मऊ, लांब केसांची दाट लव असते. मार्जिनाटात ती विरळ असू शकते. पण ही खूण एकटी वापरू नका, कारण मार्जिनाटाची केसाळ रोपंही भेटतात. किनारीचा पांढरेपणा किती रुंद, यावर तर अजिबात विसंबू नका. एकाच रोपावर पहिल्या फांद्यांचे छद जवळजवळ हिरवे आणि शेंड्याचे जवळजवळ पांढरे असतात. ॲप घोटाळलं ते यामुळेच. तुमचा पहिला फोटो दुरून, उन्हात, पूर्ण रोपाचा आहे. त्यात पांढऱ्या रंगाशिवाय काहीच ठळक नाही, आणि पांढरा रंग दोघांचाही आहे. दुसरा फोटो जवळचा, त्यात छदाची रुंदी दिसली आणि ॲप बरोबर बोललं. ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. खूण ज्या फोटोत आहे, तो फोटो त्याला दिला पाहिजे.

तिसरा आधार जागेचा. टेक्सासात या दोघांची ढोबळ वाटणी आय-३५ या महामार्गाने होते. पश्चिमेला, चुनखडीच्या उंच माळांवर, मार्जिनाटा. पूर्वेला, जड काळ्या मातीत, बायकलर. महामार्ग काही वनस्पतींना अडवत नाही. त्याच्या आसपास खालचा खडक आणि माती बदलते, खरं कारण ते. डॅलस-फोर्ट वर्थचा पट्टा नेमका सीमेवर येतो, त्यामुळे तिथे दोन्ही भेटू शकतात आणि केवळ पत्त्यावरून निकाल देता येत नाही. पण तुम्ही डॅलसच्या ईशान्येला आहात, माळाची माती काळी आहे, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात असं तुम्हीच लिहिलंय. छदांनी जे सांगितलं त्याला माती दुजोरा देते.

ही माती तुम्हाला ओळखीची वाटली असणार, आणि ते खरंच आहे. मराठवाडा-विदर्भातली रेगड आणि डॅलसभोवतालची ब्लॅकलँड प्रेअरी या गवताळ माळाची माती, दोन्ही मृदाशास्त्रात व्हर्टिसोल या एकाच गटात मोडतात. फुगणाऱ्या चिकणमातीमुळे दोन्ही ओल्या असताना पायाला चिकटतात आणि सुकल्या की फाटतात. आपली बेसॉल्टपासून झाली, तिथली खडू आणि चुन्याच्या खडकांपासून. तिथेही या मातीवर कापूसच पिकला, आणि त्या नांगरटीतच मूळ गवताळ माळ संपला. ब्लॅकलँड प्रेअरीचा एक टक्क्याहून कमी भाग आज मूळ स्थितीत उरला आहे. तुमच्या घराजवळचा माळ तसा मूळ माळ असेलच असं नाही. हे रोप मोडलेल्या, चरलेल्या जमिनीवर उलट जास्त माजतं. गुरं चिकामुळे त्याला तोंड लावत नाहीत. बाकीचं गवत खाल्लं जातं, हे तसंच उभं राहतं, आणि पुढच्या वर्षी त्याचंच बी सगळीकडे. एखाद्या कुरणात सप्टेंबरात सगळीकडे पांढरंच दिसू लागलं तर तिथे चराई गवताला झेपण्यापलीकडे गेली आहे असं मी समजतो.

मूळचं की बागेतलं, या प्रश्नाचं उत्तर दोघांसाठी वेगवेगळं आहे. बायकलर बागेत फारसा लावत नाहीत. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते वनस्पतिसंग्राहक फर्डिनांड लिंडहायमरने टेक्सासातून पाठवलेल्या नमुन्यांवरून. जॉर्ज एंगेलमन आणि एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८४५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मार्जिनाटाची कहाणी त्याहून जुनी. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम परतीच्या वाटेवर असताना क्लार्कच्या तुकडीने १८०६ च्या जुलैत यलोस्टोन नदीकाठी तो गोळा केला आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पर्शने त्यावरून जातीचं वर्णन केलं. उत्तरेला मोंटानापासून दक्षिणेला टेक्सासपर्यंतच्या मैदानांत तो मूळचा आहे. पुढे तो बागांत इतका आवडला की अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत बागेतून निसटून रस्त्याकडेला रुजला. न्यू जर्सीतल्या कुणी तुम्हाला ‘आमच्याकडेही रानात आहे’ असं सांगितलं तर ते रोप बहुधा असं निसटलेलं असतं.

आता इतर उमेदवार, कारण पुढच्या वर्षी तुम्ही माळावर फिरायला लागलात की ते दिसणारच. चीक पांढरा म्हणून अनेक जण या रोपाला मिल्कवीड समजतात आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांसाठी घरी नेतात. अळ्या त्यावर उपाशी मरतील. मिल्कवीड रुईच्या नात्यातलं, त्याच्या फुलाला खऱ्या पाच पाकळ्या आणि मध्ये मुकुटासारखी रचना असते, फळ लांब आणि आत रेशमी म्हाताऱ्या. युफोर्बियाचं फळ तीन कप्प्यांचं, छोटं, गोल. युफोर्बिया कोरोलाटाच्या वाटीला पाच पांढऱ्या ‘पाकळ्या’ असतात आणि ती प्रेअरीत भरपूर आहे, पण ती बहुवर्षायू, आणि तिच्या छदांना पांढरी किनार नसते. वर्षायू की बहुवर्षायू हे तपासायला वाळलेलं रोप उपटून बघावं. बायकलर किंवा मार्जिनाटा असेल तर एक सरळ सोटमूळ हाती येतं. बहुवर्षायू असेल तर बुडाशी जुन्या खोडांचे खुंट आणि जाड, खोल गेलेलं मूळ लागतं, जे सहसा तुटतंच.

याच कुळातला प्रेअरीवरचा दुसरा वर्षायू गट म्हणजे क्रोटन. त्यांची पानं चंदेरी-करडी, चोळली की उग्र वास, आणि दुधाळ पांढरा चीक नाही. भिंगाखाली पानावर चांदण्यांच्या आकाराचे केस दिसतात. युफोर्बियाच्या आपल्या या जोडीवर साधे केस असतात. क्रोटनच्या बिया होले आवडीने खातात. दिसायला फार साधं झाड आहे, पण भिंगातून त्याची पानं बघायला चुकवू नका.

चिकाबद्दल गंभीरपणे सांगतो. या कुळातल्या बऱ्याच जातींच्या चिकात त्वचा जाळणारी डायटर्पीन वर्गातली रसायनं असतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, आणि हे रोप त्याच जातकुळीचं आहे. तुमचं पुरळ मनगटावर आहे; साबण आणि गार पाण्याने तो भाग पुन्हा नीट धुवा, खाजवू नका, त्यावर ऊन लागू देऊ नका. फोड आले किंवा पसरू लागलं तर डॉक्टरांना दाखवा आणि रोपाचं नाव सांगा. नाव कळलं की त्यांचं काम सोपं होतं. चीक डोळ्यात गेला तर मात्र वाट पाहायची नाही: नळाच्या साध्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. तोडताना घाम पुसायला हात कपाळाकडे जातो आणि चीक डोळ्यात पोचतो तो तसाच.

फांद्या अजून आरासीत असतील तर काढून टाका. फुलं विकणारे युफोर्बियाच्या कापलेल्या देठाचं टोक ज्योतीवर धरतात किंवा क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवतात, त्याने चीक गोठतो. पण आरासीला दहा दिवस मुलांचे हात लागणार, एखादं पान तुटणार, पुन्हा चीक येणार. हातमोजे घालून फांद्या काढा आणि निर्माल्यात मिसळू नका.

एक गोष्ट तुमच्या शेजारचीच आहे म्हणून सांगतो. डेंटनमधल्या टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी याच बायकलरच्या चिकाचा अर्क वेदनाशमनासाठी तपासला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, दाह झालेल्या उंदरांमध्ये या अर्काने वेदना बराच काळ कमी झाल्याचं नोंदवलं आहे, आणि तीही अफूवर्गीय औषधांच्या मार्गाने नव्हे. मला या कामाचं मोल वाटतं, कारण ज्याला शेतकरी तण म्हणतो त्यात काय आहे हे कुणीतरी शोधलं. पण ते उंदरांवरचं, मोजून-मापून काढलेल्या अर्काचं काम आहे. सांधेदुखीवर चीक चोळून बघायचा विचारही मनात आणू नका.

मधमाश्या या वाट्यांवर भरपूर येतात, कारण उन्हाळ्याच्या शेवटी माळावर दुसरं फारसं काही फुललेलं नसतं. मधपाळ मात्र या मधाबद्दल कुरकुरतात. तो घशाला झोंबतो म्हणतात.

बियांचं आता. डॅलसमध्येच तुमच्या परसात लावायची असतील तर हरकत नाही, लहान मुलं आणि कुत्रा फिरतो त्या वाटेपासून लांब लावा. रोप उपटून आणू नका, सोटमूळ तुटतं आणि रोप मरतं. बी पेरा. फळ पिकलं की ते फट्‌दिशी फुटतं आणि बी लांब उडतं, म्हणून फळं हिरवट-तपकिरी होताना शेंड्याला कागदी पिशवी बांधून ठेवायची. मिळालेलं बी शरदात मोकळ्या मातीवर टाकून हलकं दाबायचं; हिवाळ्याची थंडी खाल्ल्यावर वसंतात उगवतं. खत-पाण्याचे लाड नकोत.

नाशिकला मात्र पाठवू नका. भारतात बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, बॅगेत घालून आणणं बेकायदेशीर आहे. कायद्यापलीकडेही कारण आहे. या प्रजातीतली अमेरिका खंडातूनच आलेली एक वर्षायू दुधी आज आपल्याकडे सोयाबीनच्या शेतात निंदणीचा खर्च वाढवते आहे, आणि काँग्रेस गवताने काय केलं ते आपण पाहतोच आहोत. बायकलरला काळी, भेगाळणारी माती आवडते, गुरं त्याला खात नाहीत, बी लांब उडतं. गोदावरीच्या खोऱ्यात त्याला अडवणारं काय असेल, मला दिसत नाही. आईंना फुलांचे फोटो पाठवा.

पुढच्या वेळी ओळख विचारताना चार फोटो काढा: पूर्ण रोप, एक छद तळहातावर सपाट ठेवून आणि शेजारी मोजपट्टी, वाटी जितकी जवळून घेता येईल तितकी, आणि खोडाचा लवेसकट तुकडा. छद तळहातावर ठेवताना हातमोजा घाला. नमुना दाबून ठेवायचा असेल तर वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून पहिले तीन दिवस रोज कागद बदला, कारण चिकाने पानं कागदाला चिकटतात. पिकलेली फळं वेगळ्या पाकिटात ठेवा, नाहीतर घडीतच फुटून बी सांडतं. फोर्ट वर्थमधल्या बोटॅनिकल रिसर्च इन्स्टिट्यूट ऑफ टेक्सासच्या वनस्पतिसंग्रहात दहा लाखांहून अधिक नमुने आहेत. तुमच्या माळावर रुंद छदांचं एखादं रोप सापडलं, किंवा दोन्हींच्या मधलं काही वाटलं, तर तारीख, जागा आणि मातीचा रंग लिहून नमुना तिथे दाखवा. दोन्ही जाती शेजारी शेजारी वाढणाऱ्या जागांच्या नीट नोंदी कामाच्या असतात, आणि तुम्ही नेमक्या त्या सीमेवर राहता.